समुद्राने घासलेली काच सोनाराकडे न्यावी का?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला असते. मागच्या खेपेला येताना तिने जवळच्या सीहॅम नावाच्या गावच्या किनाऱ्यावर वेचलेली काच आणली. पिशवीभर आहे. पांढरी, हिरवी, तपकिरी, थोडे निळे तुकडे, एक दुरंगी आणि एक गोटी. कडा गुळगुळीत आणि वरून साय धरल्यासारखी धूसर. ती म्हणते, "आई, तिकडे लोक याचे दागिने करून घालतात, तूही कर." मी शाळेत हस्तकला शिकवायचे, त्यामुळे हात चालतो. पण आमच्या सोनारांना काच दाखवली तर ते म्हणाले, "आधी पॉलिश करून घेऊ, म्हणजे चमकेल." करून घ्यावं का? काच अशी होते कशी, आणि खरी आहे हे कसं ओळखायचं? आपल्या कोकणाला एवढा समुद्र असून इथे अशी काच का सापडत नाही?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सोनारांना आधी फोन करून थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

पॉलिश केलं की त्या तुकड्यावरची शंभरएक वर्षांची मेहनत अर्ध्या तासात पुसली जाईल आणि हातात उरेल फुटक्या बाटलीची काच. तशी काच भंगारात किलोने मिळते. सोनारांचं यात काही चुकलं नाही. खड्याला चमक आणणं हीच त्यांची विद्या. तुमच्याकडच्या खड्याचं मोल मात्र त्याच्या न चमकण्यात आहे. हे एकदा मनाशी पक्कं केलंत की छिद्र कसं पाडायचं, तार कुठली घ्यायची, गोंद लावायचा की नाही, या पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. काचेला कमीत कमी हात लावायचा, जी काही कारागिरी करायची ती धातूवर.

तुमची काच आली कुठून ते आधी सांगतो. सीहॅम हे डरहॅम परगण्यातलं कोळशाचं बंदर. कवी बायरनचं लग्न १८१५च्या जानेवारीत इथल्या सीहॅम हॉलमध्ये लागलं, ही गावाची जुनी मिरवायची गोष्ट. (लग्न जेमतेम वर्षभर टिकलं, ते गावकरी बहुधा सांगत नसावेत.) बंदर त्यानंतर बांधलं गेलं, आणि १८५३ मध्ये जॉन कँडलिश या कारखानदाराने तिथे बाटल्यांचा कारखाना काढला, लंडनडेरी बॉटलवर्क्स. कोळसा शेजारी, जहाजं दाराशी, धंद्याला आणखी काय हवं? घरगुती वापराच्या आणि औषधांच्या बाटल्या इथे ढिगांनी निघत, आणि ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या बाटली-कारखान्यांत त्याचं नाव घेतलं जाई. भट्टीत उरलेली, साच्यात फसलेली, थंड होताना तडकलेली काच सरळ समुद्रात लोटून द्यायची, अशी रीत होती. कारखाना १९२१ मध्ये बंद पडला. समुद्र मात्र अजून तो कचरा चाळतो आहे आणि दर भरतीला थोडा थोडा परत आणून टाकतो आहे.

तुमचा दुरंगी तुकडा जपून ठेवा. तिकडचे वेचणारे अशा तुकड्याला 'मल्टी' म्हणतात आणि त्यासाठी हिवाळ्याच्या वाऱ्यातही पहाटे किनाऱ्यावर वाकून फिरतात. एकाच काचेत दोन-तीन रंगांचे थर असलेली ही चीज सीहॅमची खास ओळख आहे. साध्या बाटलीत असे थर नसतात. रंगीत, शोभेच्या काचकामातल्या उरल्यासुरल्या रसाचे हे गोळे असावेत.

आता ती साय. त्यात दोन कामं एकाच वेळी चालतात. पहिलं घासण्याचं. काचेचा कठीणपणा खनिजांच्या मापात साडेपाचच्या आसपास भरतो, तर वाळूतल्या गारगोटीचा सात. म्हणजे प्रत्येक लाटेबरोबर काचेपेक्षा कठीण कण काचेवरून फिरत असतात. आधी धारदार कडा जातात, मग पृष्ठभागावर बारीक टवके उडू लागतात. दुसरं काम पाण्याचं, आणि ते फार सावकाश चालतं. बाटलीची काच म्हणजे मुख्यतः वाळू, त्यात सोडा आणि चुना. वाळू कमी उष्णतेवर वितळावी म्हणून सोडा घालतात, आणि नेमका तोच पाण्याला वश होतो. काचेच्या वरच्या पातळ थरातलं सोडियम हळूहळू निघून जातं, थर भुसभुशीत होतो, आणि त्यावर पुन्हा वाळू फिरते. असं काही दशकं चाललं तर मखमली पृष्ठभाग तयार होतो. वीस-तीस वर्षांत बरीचशी काच गोल होते. चांगली, खोल साय यायला त्याहून जास्त काळ जातो.

तुकडा पाण्यात बुडवून पाहा. धूसरपणा गायब होईल आणि आरपार दिसेल. बाहेर काढून वाळू द्या, साय परत येईल. जादू नाही. कोरड्या तुकड्याच्या खड्ड्याखड्ड्यांत हवा असते, त्यामुळे प्रकाश वाटेल तसा विखुरतो. पाण्याने खड्डे भरले की काच आणि बाहेरचं माध्यम यांतला फरक कमी होतो आणि प्रकाश बराचसा सरळ निघून जातो. हा प्रयोग करमणुकीसाठी सांगितलेला नाही, दागिना करताना तो पावलोपावली आठवावा लागणार आहे.

खरी-खोटी ओळखण्याबद्दल. बाजारात 'सी ग्लास' म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेतली पुष्कळशी फिरत्या पिंपात कुरुंदाच्या भुकटीबरोबर घोळवलेली किंवा आम्लात बुडवलेली असते. तुमची काच मुलीने स्वतः वेचली आहे, तेव्हा तुम्हाला ही काळजी नाही; पण पुढेमागे विकत घ्यायची झाली तर भिंग घेऊन बसा. समुद्राच्या काचेवर चंद्रकोरीसारखे बारीक टवके दिसतात, दगडावर आपटून झालेले. साय कुठे दाट, कुठे विरळ, एखाद्या खोबणीत जवळजवळ नाहीच. घोळवलेली काच सगळीकडून सारखी दिसते, आणि विकणाऱ्याकडे एकाच मापाचे, एकाच रंगाचे पन्नास तुकडे असतात. अशी काच घालायला काही हरकत नाही. समुद्राचं नाव सांगून दुप्पट पैसे घेतले तर मात्र ती फसवणूक.

रंगांवरूनही थोडं कळतं. फिकट समुद्री हिरवा म्हणजे वाळूतल्या लोखंडाचा अंश, तो काढून टाकण्याची फारशी फिकीर न केलेली जुनी स्वस्त काच. तपकिरी रंग लोह, गंधक आणि कार्बन यांच्या मेळातून येतो. गडद निळा कोबाल्टचा, तो औषधांच्या आणि विषारी द्रव्यांच्या बाटल्यांना दिला जाई. तांबडा फार दुर्मीळ, कारण त्यासाठी सोनं, तांबं किंवा सेलेनियम लागे आणि तेवढा खर्च बाटलीवर कोण करणार? नारिंगी त्याहूनही विरळा. फिकट जांभळा मिळाला तर तो मुळात पांढरा असू शकतो: जुने कारागीर काचेतला हिरवटपणा मारायला मँगेनीज घालत आणि वर्षानुवर्षांच्या उन्हात ती काच जांभळट होत जाते.

आता हातात पक्कड घेऊ.

तुकडे साध्या साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग एकेक तुकडा खिडकीशी उजेडात धरून फिरवा. आत केसासारखी चीर दिसली तर तो बरणीत ठेवायला छान, दागिन्याला नको. चीर असलेला तुकडा तार आवळताना किंवा छिद्र पाडताना दगा देतोच.

पहिला दागिना तारेचा करा. छिद्र नाही, उष्णता नाही, चुकलं तर तार उलगडून पुन्हा सुरुवात. मुख्य सांगाड्याला साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची मऊ तार आणि बांधायला त्याच्या निम्म्या जाडीची. हात बसेपर्यंत तांब्याची वापरा, मग चांदीची. समुद्राची काच सहसा गोटोळी असते, तिला तार टेकायला कोपरा मिळत नाही. त्यामुळे एकच तार गुंडाळून उपयोग नाही, चार दिवसांत तुकडा सटकून साखळीला रिकामा वेढा राहतो. दोन तारा शेजारी शेजारी घ्या, दोन्ही काठांवरून फिरवा, एक पुढच्या अंगाला किंचित ओढा, दुसरी मागच्या. काठावर दोन-तीन ठिकाणी बारीक तारेने त्या एकमेकींना बांधा आणि वर चारही टोकं एकत्र आणून कडी वळवा. काच त्या दोन तारांच्या मधे अडकून बसते. एखाद्या तुकड्याला मधे कंबर असली तर काम सोपं, तार तिथे आपोआप बसते; असे तुकडे शिकताना वापरा. पक्कड दातेरी नको. सपाट तोंडाची मिळाली नाही तर तोंडाला कापडी चिकटपट्टी गुंडाळा. पोलाद सायीवर घासलं की करड्या रेघा उठतात आणि त्या सहजासहजी जात नाहीत.

डूल किंवा माळ करायची तर छिद्र लागतं. त्यासाठी हिऱ्याचा कण लावलेलं बारीक बिट आणि सावकाश फिरणारं हातातलं छोटं यंत्र हवं. लोखंड-लाकडाचं बिट काचेवर नुसतं घसरतं. उथळ डब्यात लाकडाची फळी, तिच्यावर तुकडा, आणि तुकडा जेमतेम बुडेल एवढं पाणी. पाण्याने बिट थंड राहतं आणि काचेची धूळ उडत नाही. धुळीचं हलक्यात घेऊ नका, नाकावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पाणी आणि वीज एकत्र आणायची म्हणजे यंत्र बॅटरीवरचं घ्यावं, हे हस्तकलेच्या बाईंना मी वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. दाब देऊ नका, बिटालाच त्याच्या चालीने काम करू द्या. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडे बाहेर पडताना मोठा टवका उडतो आणि तो टवका चकचकीत असतो. इतक्या वर्षांच्या सायीवर आजची जखम लगेच दिसते.

म्हणूनच तुकडा कापून किंवा घासून जोडी जुळवण्याच्या नादाला लागू नका. सीहॅमच्या काचेत अगदी एकसारखे दोन तुकडे मिळणं कठीण. वजन आणि जाडी जुळली की पुरे, आकार थोडा वेगळा असू द्या. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट असते, त्यामुळे दोन सेंटिमीटर लांब, एक रुंद आणि अर्धा जाड असा तुकडा साधारण अडीच ग्रॅम भरतो. रोज घालायच्या डुलांना माझ्या मते एवढं वजन बस्स.

गोंद लावू का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात येईल. चटकन चिकटणारे गोंद काचेवर भरवशाचे नाहीत, धक्क्याने सुटतात. दोन नळ्यांतलं मिश्रण करून लावायचं इपॉक्सी धरतं. पण मघाचा पाण्याचा प्रयोग आठवा. गोंदही खड्डे भरतो. पातळ तुकड्यामागे गोंदाचा थेंब लावलात की समोरून तेवढाच भाग ओला दिसेल, आणि तो कधीच वाळणार नाही. वॉर्निश, पारदर्शक नेलपॉलिश, खोबरेल तेल, सगळ्यांची गत तीच. अंगावर घालून घालून तुकडा तेलकट, काळपट दिसू लागला तर घाबरू नका. तो त्वचेचा स्निग्धपणा आहे, साबणाच्या पाण्याने निघतो.

एवढं झाल्यावर सोनारांकडे जरूर जा, पण दुसरं काम घेऊन. त्यांना चांदीचं कोंदण करायला सांगा आणि तीन अटी घाला. एक, सगळं डाख देण्याचं काम काच बसवण्याआधी उरकायचं. तापलेल्या चांदीची झळ एका कडेला लागली तर बाटलीची काच तडकते, कारण ती एकाच वेळी सगळीकडून सारखी प्रसरण पावू शकत नाही. कोंदण पूर्ण गार झालं की काच ठेवून कड नुसती दाबून बसवायची. दोन, मागे पत्रा नको. आपल्याकडे खड्यामागे चकचकीत वर्ख देण्याची चाल आहे. बंद कोंदणात तो खडा उठून दिसतो हे खरं. समुद्राच्या काचेला मात्र मागून उजेड लागतो. पाठ उघडी ठेवून नुसती कड धरली तर तीच काच दिवसभरात रंग बदलत राहते. तीन, कोंदण तुकड्याच्या मापाने बनवायचं, तुकडा कोंदणाच्या मापाने घासायचा नाही. ही तिसरी अट सोनारांना सर्वांत जड जाईल. वेड्यावाकड्या काठाला पट्टी वळवत नेणं वेळखाऊ काम आहे, मजुरी थोडी जास्त मागितली तर ती द्या.

कोकणाचं सांगायचं राहिलं. समुद्र असून भागत नाही. सीहॅमसारखा किनारा तयार व्हायला एकाच जागी वर्षानुवर्षं टाकलेले काचेचे ढीग हवेत, घासायला दगडगोट्यांचा खळखळता किनारा हवा, आणि मग माणसाने ती जागा बराच काळ विसरून जायला हवी. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगचं तसंच झालं. १९०६ पासून १९६७ पर्यंत गावाचा कचरा समुद्रकाठी टाकत होते. लोखंड गंजून गेलं, मोठं भंगार उचललं गेलं, काच उरली. आता तिथल्या राज्य उद्यानाच्या हद्दीतून काच उचलायला बंदी आहे. ज्यांच्या आजोबांनी कचरा फेकला त्यांच्या नातवांना तो उचलायची मनाई, असा हा न्याय. रशियात व्लादिवोस्तोकजवळ उसुरी उपसागराच्या काठीही असाच काचेचा किनारा आहे.

आपल्याकडे ढीगच कधी झाला नाही. चिपळुणातल्या जुन्या घरांत बाटली फेकायची पद्धत होती का? औषध संपलं की त्याच बाटलीत तेल, मग मध, मग रॉकेल, आणि कंटाळा आला की बाटलीवाल्याला. काच ही विकत घ्यायची आणि परत विकायची वस्तू होती. आपल्या माणसांनी काचेचे कारखाने काढले तेही अगदी विसाव्या शतकात: पैसा फंडाचा तळेगावचा कारखाना १९०८ चा, कराडजवळचा ओगल्यांचा १९१६ चा. दोन्ही समुद्रापासून लांब. त्यात आपल्या बऱ्याचशा पुळणी मऊ वाळूच्या. काच आलीच तर पुरली जाते, गोट्यांवर आपटत नाही. तरीही एखाद्या जुन्या बंदराजवळ, खडकाळ टोकाच्या कडेला, मोठ्या उधाणानंतर ओहोटीच्या वेळी शोधलंत तर घासलेला तुकडा मिळायला हरकत नाही. धारदार काच मिळाली तर ती ताज्या पार्टीची आहे, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. समुद्र घासेल म्हणून ती परत पाण्यात भिरकावू नका. मधल्या काळात तिथे मुलं अनवाणी खेळणार आहेत.

शेवटी पिशवीतली गोटी. ती खेळायची असेलच असं नाही. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये सोडा वॉटरसाठी एका बाटलीचं पेटंट घेतलं. तिच्या गळ्यात काचेची गोटी असते, आतल्या वायूच्या दाबाने ती वर सरकून तोंड बंद करते. तुम्ही लहानपणी एसटी स्टँडवर किंवा जत्रेत फटकन गोटी आत ढकलून जो सोडा प्यायलात, तो याच बाटलीतला. ती अजून आपल्याकडे तयार होते. इंग्लंडमध्ये मात्र ती केव्हाच मागे पडली. तिथली पोरं गोटीसाठी बाटल्या फोडत असत, त्यामुळे ब्रिटिश किनाऱ्यांवर गोट्या निघतात. तुमची फिकट हिरवट, आत नक्षी नसलेली, साधारण दीडएक सेंटिमीटरची असेल तर ती कॉडची असण्याचा संभव मोठा. आत रंगीत पाकळी दिसली तर खेळातली.

तिला छिद्र पाडायच्या भानगडीत पडू नका, गोल वस्तू बिटाखाली फिरते आणि बोट जातं. बारीक तारेच्या चार उभ्या पट्ट्यांचा पिंजरा करा, खाली एकत्र पीळ द्या, गोटी आत सोडा आणि वर तोंड आवळून कडी वळवा. पिंजरा किंचित सैल ठेवलात तर ती आत फिरती राहील. चालताना बारीक वाजेल, तेवढं चालत असेल तर.